सांगलीत खोलीवर राहताना: मऊ पडणारा भडंग, हिरवा बेदाणा आणि न शिजणारा मसूर

विश्रामबाग कट्टा

कॉलेज विश्रामबागेत, खोली कॉट बेसिसवर, चौघांत एक इंडक्शन, फ्रिज नाही. दोन वेळचा मेसचा डबा येतो, रविवारी रात्री मेस बंद. येता-जाता नजरेला पडणाऱ्या गोष्टींबद्दल काही शंका साठल्यात, जाणकारांनी सांगावं.

गणपती पेठेत चुरमुरे घेताना जुनं गिऱ्हाईक आधी चार दाणे बोटांत चुरडून बघतं, मगच पोत्याकडं बोट दाखवतं. ते नेमकं काय बघतं? खोलीवर केलेला भडंग तिसऱ्या दिवशी मऊ पडतो, दुकानातला पुष्कळ दिवस कुरकुरीत राहतो, असं का? मार्केट यार्डात बेदाण्याचे ढीग हिरवे, पिवळे आणि काळपट असे दिसतात. द्राक्षं वेगळी की वाळवण वेगळं? इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर मिळतो तसा अख्खा मसूर खोलीत करायला गेलं की एकतर दाणा कडक राहतो नाहीतर आमटी होते. आणि गावाकडून एसटीनं येणाऱ्या डब्यात काय भरायला सांगावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत टिकेल?

चुरमुरा

भडंगाचं आधी सांगतो.

ते गिऱ्हाईक चुरमुऱ्यातली ओल बघतं. कोरडा चुरमुरा बोटांत दाबला की चटकन मोडतो आणि त्याचा भुगा होतो. ओल धरलेला आधी चेपतो, मग मोडतो. दुसरी गोष्ट म्हणजे जात. भेळेचे चुरमुरे पातळ आणि हलके असतात, त्यांना मसाला लावला की आकसतात. भडंगाचे म्हणून जाड, टपोरे चुरमुरे मिळतात, तेच मागून घ्या. त्यांना मुळात थोडं मीठ असतं, त्यामुळं वरून घालताना हात आखडता ठेवा.

पाव किलो चुरमुऱ्यांना हे प्रमाण बसतं: शेंगदाणे दीडशे ग्रॅम, तेल शंभर ते एकशे वीस मिली, लसणाच्या वीस-पंचवीस पाकळ्या, कढीपत्ता दोन मुठी, लाल तिखट दोन चहाचे चमचे, हळद अर्धा चमचा, धने-जिऱ्याची पूड एक मोठा चमचा, हिंग पाव चमचा, मीठ एक चहाचा चमचा, पिठीसाखर दोन. पाव किलो चुरमुरे म्हणजे दिसायला भरपूर होतात. साध्या कढईत मावत नाहीत, मोठं पातेलं किंवा घमेलं हवं. लहान भांड्यात मसाला एकाच बाजूला चिकटतो आणि कालवताना चुरमुरे मोडतात.

आधी चुरमुऱ्यांना दोन तास कडक ऊन द्या. पावसाळ्यात ऊन नसेल तर मंद आचेवर थोडे थोडे, चार-पाच मिनिटं कोरडेच परता. हे केलं नाही तर पुढचं सगळं वाया.

शेंगदाणे गार तेलात टाकूनच आच सुरू करायची. तेल तापल्यावर टाकले तर साल करपते आणि आत कच्चे राहतात, त्याच कच्च्या दाण्यातली ओल डब्यात उतरते. दाणे बाहेर काढून लसूण टाका. लसूण सालासकट ठेचायचा, पण ठेचून लगदा करायचा नाही, पाकळी नुसती फुटली पाहिजे. सहा-सात मिनिटं मंद आचेवर. बुडबुडे यायचे जवळजवळ थांबले म्हणजे आतलं पाणी संपलं. रंग सोनेरी दिसतो म्हणून लवकर काढाल तर फसाल, कारण बुडबुडे चालू आहेत तोवर लसूण आतून ओला असतो. भडंग मऊ पडायचं सगळ्यात मोठं कारण हेच. कढीपत्ता धुतला असेल तर फडक्यात पुसून, वाऱ्यावर सुकवून मग टाका. तोही पान हातात मोडेपर्यंत तळा.

आता आच बंद. मिनिटभर थांबून हिंग, हळद, धने-जिरे आणि शेवटी तिखट. तापत्या तेलात तिखट टाकलं की काळं पडतं आणि खाताना ठसका लागतो. मीठ आणि साखर तेलात घालू नका. दोन्ही एकत्र अगदी बारीक दळून घ्या आणि कालवताना वरून भुरभुरा. जाड मीठ तळाशी जाऊन बसतं, मग वरचा भडंग अळणी आणि खालचा खारट.

दुसरं मोठं कारण म्हणजे घाईनं डबा बंद करणं. कोमट भडंग भरला की वाफ झाकणाला पाणी होऊन लागते आणि परत आत पडते. पसरून दोन तास पूर्ण गार होऊ द्या. हवाबंद डब्यात नीट केलेला भडंग पंधरा दिवस सहज चांगला राहतो. चौघं जण दिवसातून दहा वेळा डबा उघडत असाल तर एक मोठा डबा बंदच ठेवा आणि रोजच्यापुरता लहान डब्यात काढा. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर खायच्या वेळी ताटलीत, डब्यात कधीच नाही.

मऊ पडलेला भडंग टाकून देऊ नका. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर पाच मिनिटं हलवत राहा आणि गार होऊ द्या. कुरकुरीतपणा गार झाल्यावरच कळतो, गरम असताना चाखून ठरवू नका.

सहा अँपिअर

वर 'मंद आच' लिहिलंय, त्यात इंडक्शनची एक अडचण आहे. बरीच इंडक्शनं कमी सेटिंगला आच खरोखर कमी करत नाहीत. काही सेकंद जोरात चालतात, मग बंद पडतात, परत जोरात. पातळ बुडाच्या भांड्यात त्या जोराच्या वेळात लसूण एका जागी करपतो. जाड बुडाचं लोखंडी किंवा थर असलेलं स्टीलचं भांडं घ्या, आणि भांडं अधूनमधून उचलून धरा.

प्लगचंही बघा. खोलीतला लहान प्लग सहा अँपिअरचा असतो, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॉट. इंडक्शन 1800 ते 2000 वॉटचं, किटली बहुधा 1500 ची. दोन्हींना सोळा अँपिअरचा मोठा प्लग लागतो. एक्स्टेन्शन बोर्डावर किटली आणि इंडक्शन एकत्र लावलं की आधी वायर गरम होते, मग बोर्डाची प्लास्टिक पट्टी पिवळी पडते. पट्टी पिवळी दिसली की तो बोर्ड वापरायचा बंद करा.

माळरान

बेदाण्याचं मी सांगतो. तासगाव, सावळज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल शेडच शेड दिसतील. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय.

द्राक्षं बरीचशी त्याच जातींची: थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. रंगाचा मुख्य फरक वाळवणात पडतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. नुसती उन्हात टाकलेली द्राक्षं वाळायला फार दिवस घेतात आणि तेवढ्यात सालीतली द्रव्यं हवेशी मिळून काळपट होतात, कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं तसं. म्हणून घड आधी द्रावणात बुडवतात. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, त्यात दोन ते चार मिनिटं. त्यानं मेणाच्या थराला बारीक वाटा पडतात आणि पाणी लवकर निघतं. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, सावलीत आणि खेळत्या वाऱ्यावर, बारा ते पंधरा दिवस. सावलीमुळं हिरवेपणा राहतो. ऊन थेट लागलं की रंग उतरतो. पिवळ्याधमक मालाला गंधकाची धुरी दिलेली असते. वाळवण चालू असताना अवकाळी पाऊस आला किंवा हवेत दमटपणा वाढला की तोच माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत त्या दोन आठवड्यांच्या आभाळावर असते, हे ढिगाकडं बघताना लक्षात ठेवा.

साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्षात साखर पुरेशी भरलेली नसेल तर माल जास्त लागतो आणि बेदाणा पोकळ, सुरकुतलेला होतो. घेताना एक दाणा दाबून बघा. चांगला बेदाणा दबतो आणि सावकाश परत फुगतो. चिकट लागला तर त्यात ओल जास्त आहे, दगडासारखा लागला तर जुना आहे.

खायच्या आधी दोन पाण्यांनी धुवा, मग कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. दम्याचा त्रास असणाऱ्यानं धुरी दिलेला पिवळा माल टाळलेला बरा, गंधकानं काहींना धाप लागते. खोलीत ठेवताना काचेची घट्ट झाकणाची बरणी आणि अंधारी जागा. बेदाण्यावर पांढरे खडे दिसले तर लगेच बुरशी समजू नका, बहुतेक वेळा ती बाहेर आलेली साखर असते. कोमट पाण्यात विरघळली तर साखर. केसाळ दिसली किंवा कुबट वास आला तर टाकून द्या. काळा बेदाणा स्वस्त मिळतो आणि तो आपोआप वाईट ठरत नाही. रंग गेला म्हणून भाव पडलेला असतो. वास आणि चव बघून घ्या, विद्यार्थ्याच्या खिशाला तो परवडतो.

विश्रामबाग कट्टा

काळ्या बेदाण्याचं माहीतच नव्हतं. सगळ्यांचे आभार. आता हळदीबद्दलही विचारतो. यार्डात पोत्यातून हळकुंडं दिसतात, ती घेऊन दळून आणावीत की पुडी बरी?

हरिपूर रस्ता

चौघांच्या खोलीला वर्षाला पाव किलो हळद पुरे. तेवढ्यासाठीही हळकुंडंच घ्या, कारण अख्ख्या हळकुंडात भेसळ करणं अवघड. हळकुंड मोडून बघायचं. काडकन आवाज येऊन मोडलं आणि आत नारिंगीकडं झुकणारा पिवळा रंग, गुळगुळीत आणि भरीव दिसला तर माल उत्तम. वाकून मोडलं तर ओल आहे, दळताना गिरणीत चिकटेल आणि पूड गुठळ्या धरेल. वरची साल फार चकचकीत पिवळी दिसत असेल तर मोडल्याशिवाय घेऊ नका, वरून रंग चोळलेला असू शकतो.

पुडीच घ्यायची झाली तर काचेच्या पेल्यात पाणी घ्या, अर्धा चमचा हळद वरून सोडा आणि न हलवता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर त्यात रंग आहे. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सरांना विचारून हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून बघता येईल. मेटॅनिल यलो, म्हणजे भेसळीला वापरतात तो पिवळा रंग, असेल तर गुलाबी-जांभळा रंग येतो.

ओल्या हळदीचं हळकुंड होतं कसं, तेही विचारात घ्या, म्हणजे ओल का राहते ते समजेल. कंद काढून पाऊण ते एक तास उकळतात, काडी सहज आत गेली की थांबतात. उकळल्यानं कंदाची उगवण मरते, रंग सगळीकडं सारखा पसरतो आणि पुढं वाळवण लवकर होतं. मग दहा-पंधरा दिवस ऊन, आणि ड्रममध्ये फिरवून पॉलिश. शंभर किलो ओल्या हळदीची वीस-पंचवीस किलो सुकी हळद उरते. उकळायला कमी पडली तर मधोमध गाभा पांढरट आणि पिठूळ राहतो, तो मोडल्यावर दिसतो.

हरिपूरला गेलात तर कृष्णा-वारणेच्या संगमावर जा आणि पेवांची जागा बघून या. जमिनीत खोल खड्डे खणून, आतून पाचटाचा थर देऊन, हळद वर्षानुवर्षं साठवायचे. आत हवा खेळत नाही म्हणून कीड जगत नाही. त्याच कारणानं पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, हवा आत जायला वेळ द्यावा लागे. 2005 च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली. सांगलीच्या हळदीला 2018 साली मानांकन मिळालं, तोवर साठवण बरीचशी गोदामांत गेली होती. ज्या शहराचं नाव हळदीवर झालं, त्या शहरात शिकणाऱ्या मुलांनी ही जागा एकदा तरी बघावी असं मला मनापासून वाटतं.

शिट्टी

मसूर. यात तीन चुका एकमेकींवर पडतात.

पहिली पाण्याची. बोअरचं पाणी जड असतं. त्यातला चुना सालीत बसतो आणि दाणा तासभर उकळला तरी टचटचीत राहतो. भिजवायला आणि शिजवायला दोन्ही वेळेला फिल्टरचं पाणी घ्या. दुसरी आंबटाची. मसुरासोबतच टोमॅटो घातला की साल मऊ होत नाही. टोमॅटो फोडणीतच, मसूर शिजल्यावर. तिसरी शिट्ट्यांची. भिजवलेल्या मसुराला दोन शिट्ट्या पुरतात. दाणा कडक राहिला म्हणून पुढच्या वेळी पाच शिट्ट्या दिल्या की आमटी होणारच, कारण मूळ दोष पाण्याचा होता.

एक वाटी अख्खा मसूर (तिघांना पुरतो) दोन तास भिजवा. अडीच वाट्या पाणी आणि चिमूटभर हळद घालून मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, मग कुकर आपोआप उतरू द्या. दाणा बोटानं दाबल्यावर चेपला पाहिजे, पण आकार धरून राहिला पाहिजे. पाणी फेकू नका.

दुसऱ्या भांड्यात तीन मोठे चमचे तेल, दोन कांदे बारीक चिरून. कांदा आठ-दहा मिनिटं, तांबूस होईपर्यंत. ढाब्याची चव इथंच असते आणि घाई इथंच होते. आलं-लसूण ठेचून एक मोठा चमचा, मग एक टोमॅटो तेल सुटेपर्यंत. कांदा-लसूण चटणी दोन चमचे आच कमी करून घाला आणि अर्ध्या मिनिटात मसूर पाण्यासकट ओता. पाच-सात मिनिटं उकळी. डावाच्या मागच्या बाजूनं थोडेसे दाणे भांड्याच्या कडेला दाबा, तेवढ्यानं रस्सा दाट होतो. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून, कारण चटणीत मीठ असतंच. सोबत रोटी नसेल तर पाव चालतो.

दुरडी

डब्याचं बोलते. गावाकडून एसटीत ठेवलेला डबा सकाळी सातला निघून स्टँडवर दहाला पोचतो, आणि कॉलेज सुटून हातात पडेस्तोवर तीन वाजतात. आठ तास धरूनच भरायला सांगा.

शाळूची भाकरी चपातीपेक्षा बरी, पण दुरडीत उभी करून वाफ जाऊ दिल्यावरच. गरम भाकरी एकावर एक रचली की मधल्या भाकरीला घाम सुटतो आणि ती चिकट होते. सुती फडक्यात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी किंवा फॉइल नको, ओल आत कोंडते. भाकरी दुपारी चिरत असेल तर पीठ जुनं आहे किंवा पाणी पुरेसं गरम नव्हतं. पंधरा दिवसांच्या आतलं पीठ आणि उकळीला आलेलं पाणी, हे आईला सांगायला लाजू नका.

कोरडा झुणका, मेथीची सुकी भाजी, तळलेल्या मिरचीचा खर्डा हे सगळं टिकतं. ओलं खोबरं घातलेली भाजी, कच्च्या कांद्याची कोशिंबीर, बटाट्याची पातळ भाजी उन्हाळ्यात सांगूच नका. उसळ हवी असेल तर खोबरं न घालता, पूर्ण आटवून आणि गार करून. वरण-आमटी नको.

शेंगदाण्याची चटणी मात्र दर खेपेला मागवा. पाव किलो दाणे मंद भाजून, सोलून, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, दोन चमचे तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटायची. तेल सुटून गोळा धरायला लागली की झाली. मिक्सरवर करायची तर बटण दाबून सोडून, दाबून सोडून. सलग फिरवली की लगदा. बरणी उन्हापासून लांब ठेवा, नाहीतर खवट होते. कोरड्या चमच्यानं काढली तर पंधरा दिवस चालते.

डब्यावर नाव, फोन नंबर आणि उतरायचा स्टँड रंगानं लिहा, कागद चिकटवू नका. त्याच मार्गाच्या बऱ्याच डब्यांची कापडं एकसारखी असतात.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून कोणी येणार असेल तर कंदी पेढा आणायला सांगा. फ्रिज नसलेल्या खोलीला साध्या पांढऱ्या पेढ्यापेक्षा तो बरा. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजतात. भाजण्यात पाणी आटतं, साखरही बेताची असते, म्हणून तो कोरडा आणि खमंग लागतो. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत संपवा, पावसाळ्यात त्याच्या आधीच. मऊ पेढ्यांच्या डब्यात एकत्र ठेवू नका, त्यांची ओल याला लागते. ताजा ओळखायचा तर मोडून बघा, आत दाणेदार दिसला पाहिजे. नुसता चिवट ताणला गेला तर भाजणी कमी पडलीय.

विश्रामबाग कट्टा

मसूर दोन शिट्ट्यांत, फिल्टरच्या पाण्यात करून बघणार. एक राहिलं: घरून आलेल्या कांदा-लसूण चटणीच्या बरणीत कडेला गुठळ्या झाल्यात. वापरावी का?

दुरडी

आधी गुठळी फोडा. आत रंग लालच असेल आणि वास नेहमीसारखा असेल तर ती नुसती दमट झालीय. ताटात पातळ पसरून दिवसभर ऊन द्या. ऊन नसेल तर जाड भांडं तापवून, आच बंद करून, त्यात चटणी टाकून हलवत राहा. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरा आणि तळाशी व वरती हिंगाचा एकेक खडा ठेवा. गुठळीच्या आत पांढरं किंवा राखाडी दिसलं तर मात्र सगळी बरणी टाका. वरचा भाग काढून उरलेली वापरू नका.

आणि पुढच्या वेळी एप्रिल-मेमध्ये चटणी होईल तेव्हा घरी सांगून ठेवा. किलोभर मिरचीला किलोभर कांदा घालतात, तो आधी चिरून कडकडीत वाळवलेला आणि मग तेलात गडद होईपर्यंत तळलेला हवा. कांदा कच्चा राहिला की डंकावर (कांडपयंत्रावर) कितीही बारीक कुटून आणली तरी पावसाळ्यात गुठळी धरते. तुमच्यापुरती किलोभर वेगळी काढून दोन लहान बरण्यांत भरायला सांगा. एक वापरात ठेवा, दुसरी दिवाळीनंतरच उघडा.